बरं वाटणं आणि बरं होणं

(राळेगाव येथे दिलेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय प्रार्थना हा आहे, आणि त्यातही ख्रिस्ती प्रार्थना. तिने दुखावलेलं मन बरं होतं का, होत असेल तर कसं, एवढाच प्रश्न मी घेणार आहे. मी स्वतः ख्रिस्ती नाही. तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी म्हणून या ग्रंथांकडे वळलो आणि मग ते सुटले नाहीत.

राळेगावात हा विषय कशाला, असं कुणाला वाटेल. आपल्या तालुक्यात ख्रिस्ती घरं मोजकी आहेत. पण जिल्ह्याला ही परंपरा परकी नाही. यवतमाळात 1953 साली युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली. 1983 मध्ये ती पुण्याला गेली, तोवर तीस वर्षं बायबलचा उच्च अभ्यास आपल्या जिल्ह्यात चालत होता. दुसरं कारण अधिक जवळचं आहे. हा कापसाचा मुलूख. गेली वीस-पंचवीस वर्षं या जिल्ह्याचं नाव बाहेर कशासाठी घेतलं जातं, ते मी सांगायला नको. ज्या घरातला माणूस विहिरीपाशी किंवा फवारणीच्या औषधापाशी संपला, त्या घरात मागे राहिलेल्यांचं मन कोण सांभाळतं? सरकारी मदतीचा एक लाख येतो किंवा येत नाही. नातेवाईक तेरवीपर्यंत असतात. पुढे त्या बाईला कुणीतरी सांगतं, अमक्या ठिकाणी प्रार्थना होते, जाऊन पाहा, बरं वाटते म्हणतात. ती जाते. म्हणून तिथे तिला काय सांगितलं जातं, हे तपासणं मला महत्त्वाचं वाटतं.

'प्रार्थनेतून भावनिक आरोग्य' अशा स्वरूपाचं लेखन आज भरपूर मिळतं. छोट्या पुस्तिका असतात, मोबाईलवर संदेश येतात, प्रवचनांच्या चित्रफिती असतात. त्यांचा आराखडा साधारण एकच. तुमची जखम देवासमोर मांडा, ज्यांनी दुखावलं त्यांना क्षमा करा, विश्वास ठेवा, शांती मिळेल. चार पायऱ्या, आणि चौथीवर शांती ठेवलेलीच. हे लिहिणारे बहुतेक प्रामाणिक असतात आणि कित्येकांना त्याने आधारही मिळाला असेल. माझा आक्षेप त्यांनी काय सांगितलं यापेक्षा काय गाळलं याला आहे. त्यांच्याच धर्मग्रंथात आणि त्यांच्याच मराठी वाङ्मयात प्रार्थनेचा जो सर्वांत धीट भाग आहे, तो या पुस्तिकांत दिसत नाही.

त्याआधी एक आडवाट बंद करतो. प्रार्थना औषधासारखी लागू पडते का, हे मोजण्याचे प्रयत्न झालेले आहेत. फ्रान्सिस गॉल्टन या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाने 1872 साली असा हिशेब मांडला की राजाच्या दीर्घायुष्यासाठी सगळा देश प्रार्थना करतो, पण राजे काही जास्त जगत नाहीत. अलीकडचा मोठा प्रयोग 2006 साली 'अमेरिकन हार्ट जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झालेले 1802 रुग्ण, त्यांचे तीन गट. दोन गटांना आपल्यासाठी कुणी प्रार्थना करतंय की नाही हे नक्की ठाऊक नव्हतं. त्यांतल्या एका गटासाठी ती होत होती, दुसऱ्यासाठी नव्हती. त्या दोन गटांत शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीचं प्रमाण 52 आणि 51 टक्के निघालं, म्हणजे फरक नाहीच. तिसऱ्या गटाला आपल्यासाठी प्रार्थना होते आहे हे ठाऊक होतं. त्यांचं प्रमाण 59 टक्के निघालं.

नास्तिकाने यावर टाळी वाजवावी आणि आस्तिकाने रागवावं, असं मला वाटत नाही. या प्रयोगात अनोळखी माणसं अनोळखी माणसांसाठी ठरावीक प्रार्थना करत होती. रुग्ण स्वतः काय बोलला, कुणापाशी बोलला, हा प्रश्नच तिथे नव्हता. आपला प्रश्न नेमका तोच आहे.

आता बायबलमधली एक गोष्ट घेऊ. जुन्या करारात शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या सुरुवातीला हन्ना नावाची बाई आहे. तिला मूल नाही. तिच्या नवऱ्याला दुसरी बायको आहे, पनिन्ना. तिला मुलं आहेत आणि ती हन्नाला टोचून बोलते. वर्षाच्या यात्रेला सगळं कुटुंब शिलोला जातं, आणि दरवर्षी हन्ना तिथे जेवत नाही, रडत बसते. नवरा एलकाना भला माणूस आहे. तो तिची समजूत घालतो की दहा मुलांपेक्षा मी तुला जास्त नाही का? घराघरांतलं सांत्वन असंच असतं. आपल्याकडे म्हणतात, रडू नको, पोरांकडे पाह्य. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण त्या वाक्याचा अर्थ होतो, तुझं दुःख आता पुरे.

हन्ना उठून मंदिरात जाते. ओठ हलतात, आवाज निघत नाही. एली नावाचा म्हातारा याजक दाराशी बसलेला आहे. त्याला वाटतं बाई दारू प्यायली आहे. तो तिला रागावतो. ती त्याला सांगते की मी प्यालेले नाही, मन रितं करते आहे. तेव्हा एली वरमतो आणि तिला आशीर्वाद देऊन पाठवतो. पुढचं वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. ती परत जाते, जेवते, आणि तिचा चेहरा पूर्वीसारखा उदास राहत नाही.

क्रम लक्षात घ्या. मूल अजून झालेलं नाही. ते होईल याची खात्रीही तिच्यापाशी नाही. मागणं पुरं होण्याच्या आधी तिच्या घशाखाली घास उतरतो. मधल्या वेळात काय घडलं? जे नवऱ्यापाशी आणि सवतीपुढे बोलता येत नव्हतं ते ती बोलली. ते ऐकणारा एक माणूस आधी चुकला आणि मग त्याने ऐकलं. तिच्या दुःखाला कुणी उत्तर दिलं नाही. त्याला जागा दिली.

आज जे सांगायचं आहे त्याचा गाभा हाच आहे. मराठीत आपण 'बरं वाटणं' आणि 'बरं होणं' असे दोन शब्दप्रयोग करतो. बाम चोळला की बरं वाटतं. गळू फुटून पू निघाला की दुखतं खूप, पण माणूस बरा होतो. पुस्तिकांमधली प्रार्थना बरं वाटण्याची घाई करते. बायबलमधली प्रार्थना अनेकदा आधी दुखवते.

स्तोत्रसंहिता हे ज्यू आणि ख्रिस्ती लोकांचं प्रार्थनेचं पुस्तक. त्यात 150 स्तोत्रं आहेत आणि त्यांतली बरीचशी विलापाची आहेत. देवा, किती दिवस, तू झोपलास का, तोंड का फिरवलंस, असा त्यांचा सूर. बहुतेक विलापांच्या शेवटी आशा येते. 88 व्या स्तोत्रात तीही येत नाही. ते अंधारातच संपतं, आणि तरीही प्रार्थनेच्या पुस्तकातून कुणी ते काढून टाकलेलं नाही. म्हणजे ज्या दिवशी श्रद्धा शेवटच्या ओळीपर्यंत पोचत नाही, त्या दिवसासाठीही या परंपरेने प्रार्थना राखून ठेवली आहे. येशूने स्वतः वधस्तंभावर उच्चारलेले शब्द 22 व्या विलापस्तोत्राच्या सुरुवातीचे आहेत, देवाने आपल्याला टाकलं का असं विचारणारे. त्याआधी गेथशेमाने बागेत त्याने मरण टळावं अशी विनंती केली, आणि ती मान्य झाली नाही. ज्याची प्रार्थना नाकारली गेली तोच या धर्माच्या मध्यभागी उभा आहे. 'मागा म्हणजे मिळेल' एवढाच संदेश मोठ्या अक्षरांत छापणाऱ्यांनी ही दोन पानं कुठे ठेवली, हा माझा प्रश्न आहे.

ईयोबाच्या पुस्तकात याहून कडक धडा आहे. ईयोबाची मुलं गेली, गुरंढोरं गेली, अंगावर फोड आले. तीन मित्र भेटायला आले आणि सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. कुणी एक शब्द बोललं नाही. मित्रांनी केलेलं सर्वांत चांगलं काम तेवढंच. नंतर ते बोलायला लागले आणि बिघडलं. तुझ्याकडून काही पाप झालं असेल, देव विनाकारण शिक्षा करत नाही, तू नम्र हो. ईयोब मात्र देवाशी तंडत राहिला, मला उत्तर दे म्हणाला. शेवटी देव बोलतो तेव्हा ईयोबाला आपल्या जागेची जाणीव करून देतो, पण रागावतो मित्रांवर. माझ्याविषयी खरं बोलला तो ईयोब, तुम्ही नाही, असा त्याचा निवाडा. देवाची वकिली करणारे हरले आणि देवावर फिर्याद करणारा जिंकला.

तुकारामांच्या मुलखातल्या माणसाला यात नवल वाटू नये. 1630 च्या दुष्काळात घर उद्ध्वस्त झालेले तुकोबा विठ्ठलाशी किती भांडले, ते आपण जाणतोच. आपल्या बायाही पहाटे जात्यावर बसून पंढरीच्या राजाला घरातलं सगळं सांगत होत्या. ना. वा. टिळक म्हणत असत की आपण ख्रिस्तापर्यंत तुकारामांच्या पुलावरून आलो. ख्रिस्ताला त्यांनी माउली केलं, अभंगात आणलं. मराठी चर्चमध्ये आजही त्यांची भजनं गातात. पण मला असं दिसतं की त्या भजनांत शरणागती जितकी भरून आहे तितकी फिर्याद नाही. पूल तुकारामांचा होता. पलीकडे जाताना भांडण मात्र थोडं अलीकडेच राहिलं.

ते भांडण टिळकांच्या घरातच दुसऱ्या कुणाच्या तरी लेखणीत उतरलं. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' 1934 ते 1936 दरम्यान चार भागांत प्रसिद्ध झालं. आपण ते विनोदासाठी वाचतो, भाषेसाठी वाचतो. आज ते मनाच्या जखमांचं पुस्तक म्हणून वाचून पाहू.

पुस्तकाच्या आरंभी लक्ष्मीबाईंचे वडील आहेत. 1857 च्या धामधुमीत घरच्या एका वडीलधाऱ्याला फाशी झाली, आणि त्या धक्क्यानंतर या गृहस्थांच्या डोक्यात सोवळं शिरलं. मग धुणं सुरू झालं. धान्य धुवा, मीठ धुवा, माणसं धुवा. लक्ष्मीबाई हे इतक्या गमतीने सांगतात की आपण हसत सुटतो. पण थांबून पाहा. भीती आणि शोक यांना बोलायला जागा मिळाली नाही, तेव्हा ते कर्मकांडात शिरले आणि सगळ्या घराचा छळ झाला. धर्म इथेही होता, पण तो जखम झाकत होता. कुठल्याही धर्मातली प्रार्थना अशी सोवळं होऊ शकते. रोज तेवढीच वेळ, तेवढेच शब्द, आणि खरं दुखणं मात्र कधीच ओठांवर येत नाही.

पुढे 10 फेब्रुवारी 1895 ला टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई लहान दत्तूला घेऊन सुमारे पाच वर्षं नवऱ्यापासून वेगळ्या राहिल्या. नवरा जिवंत, आणि तरी हातचा गेलेला. लोकांचे टोमणे, लोकांची कीव, दोन्ही पदरात. त्यांची कविता याच विरहातून आली. ज्या बाईला अक्षरओळखही पुरती नव्हती, ती दुःखाने शब्द जुळवू लागली. पुढे त्या टिळकांकडे परतल्या. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःशीच झगडून सोडवला आणि 1900 साली बाप्तिस्मा घेतला.

माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट लेखनाची आहे. 'स्मृतिचित्रे' लिहिताना त्या ख्रिस्ती होऊन तीस वर्षं उलटली होती. त्या पाच वर्षांवर नंतरच्या श्रद्धेचा मुलामा देणं सोपं होतं. सगळी देवाची योजना होती, असं एक वाक्य लिहिलं असतं तर चर्चमधल्या वाचकांना ते आवडलंही असतं. लक्ष्मीबाईंनी तेव्हाचा राग रागासारखा ठेवला, तेव्हाचा जातीचा ताठा ताठ्यासारखा ठेवला, वेडेपणा वेडेपणासारखा. श्रद्धा आली म्हणून भूतकाळ धुवून काढला नाही. वडिलांच्या धुण्याला मुलीने दिलेलं हे उत्तर आहे, असं मी समजतो. बरं झालेलं मन असंच असतं. त्याला जुनी जखम दाखवायची लाज वाटत नाही, आणि तिच्यावर हसताही येतं.

आता पंडिता रमाबाई. जन्म 1858. 1874 च्या सुमाराच्या दुष्काळात वडील, आई आणि बहीण थोड्याच काळात गेली. भाऊ 1880 मध्ये गेला, नवरा 1882 मध्ये. चोविसाव्या वर्षी पदरात एक मुलगी आणि मागे पाच मृत्यू. 1883 मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुस्तिकेच्या हिशेबाने इथे शांती मिळून गोष्ट संपायला हवी. रमाबाई 'माझी साक्ष'मध्ये तसं सांगत नाहीत. धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता, असा त्यांचा कबुलीजबाब आहे, आणि मधे बरीच वर्षं गेली. पुढे शांती मिळाल्याचंही त्या सांगतात. पण ती वर्षं गाळून सांगत नाहीत.

1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, टाकलेल्या मुली-बायकांना घेऊन आल्या. केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. त्या मुलींनी काय काय पाहिलं असेल, याची कल्पना करा. 1905 मध्ये तिथे जो प्रार्थनेचा लोंढा आला तो प्रसिद्ध आहे. शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करत, तासन् तास रडत. बाहेरच्या काहींना हा गोंगाट रुचला नाही. रमाबाईंनी मुलींची बाजू घेतली, त्यांना त्यांच्या पद्धतीने प्रार्थना करू दिली. आपल्याकडे तुकडोजी महाराजांच्या सामुदायिक प्रार्थनेची सवय आहे, रांगेत, शांत, शिस्तीची. तिचं मोल मला ठाऊक आहे. पण जिला वर्षानुवर्षं रडूच दिलं नाही तिला शांत बसायला सांगणं म्हणजे पुन्हा तोंड बांधणं. रमाबाईंना ते कळलं होतं.

केडगावला त्या मुली फक्त रडल्या नाहीत, हेही तितकंच खरं. तिथे शाळा होती, शेती होती, विणकाम होतं, छापखाना होता. प्रार्थनेच्या आधी पोटात भाकरी जात होती आणि प्रार्थनेनंतर हाताला काम होतं. आजच्या पुस्तिका केडगावचा लोंढा आठवतात. छापखाना विसरतात.

विल्यम जेम्सने 1902 च्या 'द व्हरायटीज ऑफ रिलिजस एक्स्पीरियन्स' या ग्रंथात त्याच्या काळच्या अमेरिकेतल्या अशाच एका लाटेचा विचार केला आहे. मनात चांगले विचार आणा, देवावर भरवसा ठेवा, आजार पळेल, असं सांगणारी चळवळ होती. जेम्स तिची टिंगल करत नाही. तिने कित्येकांचं भलं झालं हे तो मान्य करतो. पण खरं औदासीन्य येतं तेव्हा ही निरोगी वृत्ती लुळी पडते, आणि आजारी आत्म्याला जग अधिक खोल दिसलेलं असतं, असा त्याचा निष्कर्ष आहे. सव्वाशे वर्षांनी तो मला आपल्या जिल्ह्यासाठी लिहिल्यासारखा वाटतो.

मग अमुक ठिकाणची प्रार्थना चांगली की वाईट, हे ओळखायचं कसं? मी तीन प्रश्न सुचवतो.

पहिला, तिथे तक्रार करता येते का? नवऱ्याने मला न सांगता जीव दिला, मला त्याचा राग येतो, देवाचाही येतो, असं त्या बाईला मोठ्याने म्हणता येतं का? की लगेच क्षमेची पायरी समोर येते? क्षमा मोठी गोष्ट आहे. पण राग ओळखण्याआधी मागितलेली क्षमा म्हणजे भरण्याआधी शिवलेली जखम. आत पू साठतो.

दुसरा प्रश्न, बरं वाटलं नाही तर दोष कुणावर येतो? आत्महत्येनंतर सरकारी कागदावर प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' ठरतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. कर्ज बँकेचं होतं की सावकाराचं, सातबारा कुणाच्या नावे, यावरून घराचं दुःख पात्र किंवा अपात्र होतं. आता तीच बाई प्रार्थनेला गेली आणि शांती मिळाली नाही, तर तिला सांगतात, तुझा विश्वास कमी पडला. म्हणजे तहसिलीत अपात्र, आणि देवाच्या दारीही अपात्र. ईयोबाच्या मित्रांनी हेच केलं होतं. ज्या प्रार्थनेत अपयशाचा बोजा दुखावलेल्या माणसाच्याच डोक्यावर ठेवला जातो ती बायबलच्या मापानेही नापास आहे. पौलाने अंगातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली आणि काटा निघाला नाही. पौलाचा विश्वास कमी होता, असं कुणी म्हणत नाही.

तिसरा प्रश्न, ती प्रार्थना तुम्हाला माणसांकडे आणि डॉक्टरकडे जाऊ देते का? झोप उडणं, अन्न न जाणं, मरणाचे विचार येणं, हे महिनोन् महिने चालू राहिलं तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. यवतमाळच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे. 14416 या क्रमांकावर टेली मानस ही सरकारी सेवा 2022 पासून आहे, तिथे मराठीत बोलता येतं. गोळी घेणं म्हणजे अविश्वास, असं कुणी सांगितलं तर त्याला आठवण करून द्या की शुभवर्तमान लिहिणारा लूक परंपरेने वैद्य मानला जातो.

या तिन्ही कसोट्या मी ख्रिस्ती प्रार्थनेला लावल्या, कारण आजचा विषय तो होता. त्या आपल्या कीर्तनाला, दर्ग्याला आणि बाबा-महाराजांनाही लावून पाहा. कुणालाच सूट देऊ नका.

तत्त्वज्ञानाचा माणूस म्हणून देव ऐकतो की नाही, यावर मी निकाल देणार नाही. इतकं मात्र सांगता येतं की आपलं कुणीतरी ऐकतंय या भरवशावर माणूस जे बोलतो ते एरवी तो स्वतःशीही बोलत नाही. त्या बोलण्याने गेलेला माणूस परत येत नाही, कर्ज फिटत नाही, कापसाचा भाव वाढत नाही. हन्नासारखा एक घास खाली उतरतो, एवढंच होतं. दुसरा घास उतरायला शेजारी कुणीतरी बसलेलं लागतं.

तेव्हा भेटायला जाल तेव्हा ईयोबाच्या मित्रांचे पहिले सात दिवस लक्षात ठेवा. आठव्या दिवसाची घाई करू नका. प्रश्न असतील तर जरूर विचारा.